भूल देणारी सिस्टर

अमेरिकेत आयोवातल्या ज्या गावात मी काम करते, तिथल्या हॉस्पिटलात 25 खाटा आहेत. ‘क्रिटिकल ॲक्सेस’ हा सरकारी दर्जा असलेल्या हॉस्पिटलला त्याहून जास्त ठेवताच येत नाहीत. सर्जन ठरलेल्या दिवशी येतात, बाळंतपणं आणि सिझेरियन फॅमिली डॉक्टर करतात आणि भूल आम्ही देतो. आम्ही म्हणजे दोघी नर्स. भूलतज्ज्ञ डॉक्टर इथे नाहीतच.

सांगलीला आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, पण मग डॉक्टर कुठे असतात?” तिचं विचारणं रास्तच होतं. तिकडे ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत असताना मी इंजेक्शनं भरायची, लेबलं लावून ट्रे मांडायची, पेशंटला पाठीतून वाकवून धरायची. सुई मात्र भूलतज्ज्ञ सरांच्या हातात. आणि सर एका हॉस्पिटलातून दुसऱ्याकडे जाता जाता आमच्याकडे यायचे. ते पोचेपर्यंत टेबलावर बाई कळा सोसतेय, सर्जन हात धुऊन उभे आहेत आणि वॉर्डबॉय गेटवर स्कूटरची वाट बघतोय, हे कायमचंच.

इथे येऊन आधी आयसीयूत काम केलं. त्याशिवाय भूल देण्याच्या शिक्षणाला प्रवेशच मिळत नाही. मग पुन्हा विद्यार्थिनी झाले. शरीरशास्त्र, औषधशास्त्र आणि पहाटेपासून ओटी. शेवटी राष्ट्रीय परीक्षा आणि नावापुढे ‘सीआरएनए’, म्हणजे भूल देण्याचं प्रमाणपत्र असलेली नर्स. 2022 पासून तर या अभ्यासक्रमाला येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते.

इथे नर्सने भूल देण्यात नवीन असं काहीच नाही, हे मला इथे येऊनच कळलं. आमच्या उत्तरेला, मिनेसोटातल्या रोचेस्टरला, मेयो बंधू या सर्जनांकडे ॲलिस मॅगॉ नावाची नर्स ईथर द्यायची. तोंडावरच्या मास्कवर थेंब थेंब ईथर सोडत ती पेशंटशी बोलत राहायची. 1906 मध्ये तिने 14,000 हून जास्त भुलींचा आढावा छापला, आणि त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. डॉक्टरांच्या संघटनांना हे रुचलं नाही ते नाहीच. कॅलिफोर्नियात डॅगमार नेल्सन या नर्सवर खटला झाला, तो त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1936 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. भांडण अजून मिटलेलं नाही. आता ते देखरेखीवरून चालतं. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याची डॉक्टरी देखरेखीची अट सोडण्याची मुभा राज्यांना 2001 मध्ये मिळाली आणि पहिलं पाऊल आयोवाने उचललं. आमच्यासारखी गावं कशावर चालतात हे इथल्या तेव्हाच्या राज्यपालांना ठाऊक असणार.

रात्रीचं एक सिझेरियन सांगते. मांस-प्रक्रियेच्या कारखान्यात काम करणारी बाई, भाषा स्पॅनिश. दुभाषी टॅब्लेटच्या पडद्यावर. मी विचारते, शेवटचं काय खाल्लंस, दात हलतोय का, आधी कधी भूल घेतली होतीस? टेबलाच्या कडेवर बसवून, उशी पोटाशी धरायला सांगून मी तिची पाठ चाचपली. कमरेच्या हाडांची रेष सापडली की मणक्यांमधली फट बोटाला कळते. सुईतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला आणि औषध आत गेलं, जेमतेम दीड मिलिलिटर. लगेच आडवं केलं, उजव्या कुल्ल्याखाली पाचर सरकवली, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येत नाही. मग बर्फाचा तुकडा पायापासून वर वर लावत नेला. छातीपर्यंत गार लागेनासं झालं, तेव्हा डॉक्टरांना मान हलवून खुणावलं.

तेवढ्यात तिने जांभई दिली आणि दुभाष्याने सांगितलं, त्यांना मळमळतंय. बीपीचा कफ अजून फुगतच होता. स्पायनल, म्हणजे पाठीतून भूल दिल्यावर बाईला मळमळलं की आकड्याची वाट बघायची नसते. बीपी वर आणणाऱ्या फिनाइलेफ्रिनची सिरिंज लावलेलीच होती, ती दाबली. आकडा आला तो खालचाच होता, पण तोवर तिच्या ओठांना रंग येऊ लागला होता. बाळ रडलं. पुढचा तासभर मी तिच्या उशाशी बसून होते. ओढल्यासारखं वाटेल पण दुखणार नाही, हे सांगत आणि मॉनिटर ऐकत. हो, ऐकत. ऑक्सिजन उतरला की त्याचा सूर उतरतो.

सगळीकडे नर्सच पुरेशी आहे, असं मी म्हणणार नाही. हृदयाची झडप निकामी झालेला पेशंट आला तर मी त्याला सरळ मोठ्या शहरात पाठवते. पण रात्री दोन वाजता अडलेली बाई थांबू शकत नाही. आपल्याकडेही सरकारने हे ओळखलं आणि एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या बाळंतपणातली भूल शिकवायला 18 आठवड्यांचं प्रशिक्षण काढलं. त्यात नर्सला घ्यावं असं मात्र झालं नाही.

मागच्या खेपेला सांगलीत ओटीतल्या जुन्या मैत्रिणीला मी म्हटलं, “तुला शिकवलं तर तू हे माझ्याइतकंच करशील.” ती हसली. “नको गं बाई. उद्या काही झालं तर नातेवाईक आधी कुणाच्या अंगावर येतील?”

मी गप्प बसले. इथे माझ्या नावावर लायसन्स आहे, विमा आहे, आणि चुकलं तर जाब विचारणारं बोर्डही आहे. यातलं काहीही न देता तिच्या हातात नुसती सिरिंज ठेवणार असाल, तर तिचं ‘नको’ मला पटतं.