चिवड्यातले बेदाणे

जबलपूरहून कटनीच्या दिशेनं चाळीसेक किलोमीटर गेलं की सिहोरा लागतं. 1867 साली सुरू झालेल्या अलाहाबाद-जबलपूर लोहमार्गावरचं हे तहसिलीचं गाव. स्टेशनचं नाव सिहोरा रोड. पॅसेंजर फलाटाला लागली की समोसे, मंगोडे, नमकीनच्या पुड्या आणि चहा यांची एकच धांदल उडते. त्या धांदलीत फलाटावरची कुत्री बरोबर आपापल्या ठरलेल्या डब्यासमोर येऊन बसतात. कुणी बिस्किट टाकतं, कुणी समोशाचं टोक, कुणी पुडीच्या तळाशी उरलेली शेव. गाडी सुटते, कुत्री बाकाखाली पसरतात, पुढची गाडी येईपर्यंत.

भुऱ्या याच फलाटावर जन्मला. माझे आतोबा रेल्वेतून निवृत्त झाल्यावर सिहोऱ्यातच राहिले, आणि पावसात भिजलेलं ते पिल्लू त्यांच्यामागून घरी आलं. आत्यानं त्याच्या खाण्याचे नियम पहिल्याच आठवड्यात पक्के केले. मीठ नाही, कारण केस झडतात. गोड नाही, कारण खरूज होते. तूप नाही, कारण कुत्र्याला ते पचत नाही. हे नियम तिला तिच्या आईकडून मिळालेले, आणि विदर्भापासून महाकोशलापर्यंत कुठल्याही मराठी घरात विचारलं तर थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळतील.

बेदाण्याचं नाव यात कुठेच नव्हतं.

दिवाळीत तासगावहून आलेले पाव किलो बेदाणे आत्यानं पोह्यांच्या चिवड्यात सढळ हातानं घातले होते. आतेभावाची सहा वर्षांची मुलगी चिमी चिवडा आवडीनं खायची, फक्त बेदाणे तेवढे तिला नकोसे. ते ती एकेक वेचून टेबलाखाली सोडत होती, आणि टेबलाखाली भुऱ्या होता. दुपारभर हा उद्योग चालला. संध्याकाळी मी तिथे पोहोचलो तेव्हा चिमीनंच आनंदानं सांगितलं, "काका, भुऱ्याला बेदाणे खूप आवडतात!"

घरात कुणी घाबरलं नाही, घाबरण्यासारखं कुणाला काही वाटलंच नाही. बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांवर उठू शकतात हे मी पूर्वी वाचलेलं होतं, म्हणून जबलपूरच्या एका पशुवैद्यकांना फोन लावला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. किती खाल्ले, किती वेळ झाला, कुत्र्याचं वजन किती?

वजन कुणालाच ठाऊक नव्हतं. आतोबा भुऱ्याला कवेत घेऊन वजनकाट्यावर उभे राहिले, मग एकटे उभे राहिले. फरक निघाला चौदा किलोचा. आत्यानं चिवड्याचा डबा परातीत उपडा केला. वरचा अर्धा चिवडा नुसता पोह्या-शेंगदाण्यांचा, बेदाणे तळाशी. किती घातले होते आणि किती उरले याचा हिशेब करून ती म्हणाली, "पन्नास ग्रॅम तरी गेले असतील रे." किलोमागे साडेतीन ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, लगेच निघा. किलोमागे तीन ग्रॅमहून कमी बेदाण्यांतही मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. आतोबा मिठाचं पाणी पाजून उलटी करवायच्या तयारीत होते. डॉक्टरांनी फोनवरूनच ते थांबवलं. तसं घटाघटा पाजलेलं मीठ रक्तात चढलं तर त्यानंच झटके येतात, आणि उलटी झाली नाही तर सगळं मीठ पोटातच राहतं.

जबलपूरला इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत भुऱ्याला उलटी झाली. त्यात बेदाणे होते, पाणी पिऊन टपोरे फुगलेले, बरेचसे अख्खेच. दुपारी खाल्लेले बेदाणे इतक्या वेळानं तसेच्या तसे बाहेर येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. डॉक्टरांना मात्र त्याचं नवल वाटलं नाही. बेदाणे जठरात रेंगाळतात, म्हणून थोडा उशीर झाला तरी उलटी करवून पाहतात, असं त्यांनी सांगितलं. पुढे दोन दिवस सलाईन आणि क्रिएटिनिनच्या तपासण्या झाल्या. बेदाण्यांनी मूत्रपिंडं बिघडायची असली तर ती साधारण एक ते तीन दिवसांत बिघडतात, त्यामुळे पहिल्या दिवशी कुत्रं हसतंखेळतं दिसलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. भुऱ्याचा तिसऱ्या दिवसाचा अहवाल चांगला आला.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी ठरतात हे पशुवैद्यकांच्या लक्षात येऊन फार काळ झालेला नाही. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यकांनी 2001 साली अशा रुग्णांकडे लक्ष वेधलं. कारण मात्र वीस वर्षं कोडंच राहिलं. एक कुत्रं मूठभर द्राक्षं खाऊन ठणठणीत, तर दुसरं त्याहून कमी खाऊन सलाईनवर, असं का? 2021 मध्ये त्याच केंद्रातल्या पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. क्रीम ऑफ टार्टार घालून घरी केलेला खेळायचा लगदा खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखीच बिघडलेली त्यांना दिसली, आणि धागा जुळला. द्राक्षाची जात कोणती आणि ते किती पिकलेलं, यावर हे आम्ल कमीजास्त होतं. म्हणूनच अमुक इतके बेदाणे बिनधास्त चालतील असा आकडा कुणी देत नाही.

आपल्याकडच्या वाचकांनी याच अभ्यासातली एक गोष्ट ठळकपणे लक्षात घ्यावी असं मला वाटतं, ती म्हणजे चिंच. तिच्या गरात टार्टारिक आम्ल द्राक्षापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं, आणि चिंच खाऊन मूत्रपिंडं निकामी झालेल्या कुत्र्यांच्या नोंदी 2022 मध्ये प्रसिद्ध झाल्या. समोशावर ओतलेली आंबटगोड चटणी, द्रोणात उरलेलं पाणीपुरीचं पाणी, चिंचेचा गोळा. कुत्र्याला काय देऊ नये याच्या अमेरिकी याद्यांमध्ये द्राक्षं अगदी वरच्या ओळीत दिसतात. सिहोऱ्याच्या किंवा सोलापूरच्या कुत्र्यासाठी त्यांच्याशेजारी चिंच लिहायला हवी.

आणि कांदा. मंगोडे मुगाच्या डाळीचे, पण त्यांत कांदा असतो. पोह्यांत असतो, कांदाभजीत तर असतोच. कांद्या-लसणातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांद्यानं रक्तात बदल दिसतात, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीड-दोन मध्यम कांदे पुरतात. शिजवून, तळून, वाळवून हा दोष जात नाही. त्रास लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते, कुत्रं धापा टाकायला लागतं, आणि तोवर कांदा खाल्लेला घरात कुणाला आठवतही नसतो. एका भज्यानं हे घडणार नाही. पण टपरीमागे रोज रात्री उरलेलं पोह्याचं पातेलं चाटणाऱ्या कुत्र्याचं काय, हा प्रश्न मला त्या दिवाळीनंतर प्रत्येक टपरीपाशी पडतो.

आत्याच्या जुन्या नियमांचं काय, तेही डॉक्टरांना विचारलं. ते कुठेही हसले नाहीत, एकेक नियम नीट उलगडून सांगितला. खरूज होते ती त्वचेत घर करणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळे, गोडामुळे नाही. केस झडण्याचं कारणही बहुधा हे किडे, पिसवा किंवा बुरशी हेच असतं. मिठाचा धोका खरा, पण त्याचं प्रमाण वेगळं. किलोमागे दोन ग्रॅमच्या पुढे विषबाधेची लक्षणं सुरू होतात. दहा किलोच्या कुत्र्याला वीस ग्रॅम. वेफर्सच्या पन्नास ग्रॅमच्या पुडीत मीठ एक ग्रॅमच्या आतबाहेर असतं. शेजारी पाणी असेल तर तेवढ्यानं काही होत नाही. मात्र मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशी ओलांडतो, फलाटावरचे नळ उंच असतात, आणि खारी शेव खाल्लेल्या कुत्र्याला प्यायला पाणी नसतं. तिथे मीठ नडतं.

तुपाचा नियम मात्र जवळजवळ खरा निघाला. वेफर्समध्ये तिसरा हिस्सा तेल असतं, शेव-फरसाणातही तितकंच किंवा जास्त. एकाच वेळी खूप तेलकट-तुपकट पोटात गेलं तर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. मग उलट्या, आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरण्याची ती चमत्कारिक बैठक. पोटातली कळ थोडी कमी व्हावी म्हणून कुत्रं तसं बसतं. सणांच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असे रुग्ण येतात, असं डॉक्टर म्हणाले.

मग बिस्किट? भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना सगळ्यात जास्त दिली जाणारी वस्तू बहुधा ग्लुकोज बिस्किटच असावी. स्वीडनमधले एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की लांडग्यात पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेतीच्या, भाकरी-भाताच्या सोबतीत कुत्र्याचं पोट बदलत गेलं. तेव्हा पोळी, भात, भाकरी कुत्र्याला परकी नाही. बिस्किटही विष नाही. पण त्यात जवळपास चौथा हिस्सा साखर असते आणि पोषण फारसं नसतं. दहा किलोच्या घरच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. खाऊ म्हणून त्यातला दहावा हिस्सा ठेवावा असं पशुवैद्यक सांगतात. म्हणजे 60 कॅलरी, म्हणजे दोन छोटी ग्लुकोज बिस्किटं. पुडा नव्हे.

चॉकलेटबद्दल आता बरेच जण ऐकून आहेत, म्हणून थोडक्यात. त्यातलं थिओब्रोमाइन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं; निम्मं कमी व्हायलाच सतरा-अठरा तास. दहा किलोच्या कुत्र्यानं दुधाळ चॉकलेटची 100 ग्रॅमची वडी खाल्ली तर उलट्या-बेचैनीला सुरुवात होऊ शकते, तेवढीच गडद वडी खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत गोष्ट जाते. कोको पावडर याहूनही तीव्र.

झायलिटॉल मात्र कमी लोकांना माहीत आहे, आणि सगळ्यात जास्त घाई करावी लागते ती याच्याच बाबतीत. साखरविरहित च्युइंगगममध्ये, काही पुदिन्याच्या गोळ्यांत, काही टूथपेस्टमध्ये ही गोडी असते. माणसाला तिचा त्रास नाही. कुत्र्याचं शरीर तिला साखर समजून भराभर इन्सुलिन सोडतं, अनेकदा तासाभरातच रक्तातली साखर कोसळते, पाय लटपटतात, झटके येतात. मात्रा जास्त असेल तर यकृतही जातं. किलोमागे 0.1 ग्रॅम पुरेसं होतं, आणि काही च्युइंगगमच्या दोन-चार गोळ्यांत दहा किलोच्या कुत्र्यापुरता ऐवज असतो. वेष्टनावर नाव नसलं तर 967 हा आकडा शोधावा. साखरविरहित म्हणजे झायलिटॉलच असं नाही. स्टीव्हिया किंवा सॉर्बिटॉलमुळे कुत्र्याची साखर अशी कोसळत नाही.

भुऱ्याला घेऊन परतल्यावर आतोबा रोजच्यासारखे स्टेशनवर फिरायला निघाले, मीही गेलो. फलाटाच्या टोकाशी गलका चालला होता. वर्षभराचं एक कुत्रं वेफर्सच्या मोठ्या पुडीत डोकं घालून बसलं होतं. तळाचे कण चाटायला ते आत घुसलं, आणि श्वास ओढला की चकचकीत प्लॅस्टिक नाकातोंडाला घट्ट चिकटत होतं. ते उलटं उलटं सरत रुळांकडे चाललं. चहावाल्यानं खांद्यावरचा गमछा त्याच्यावर टाकला, एका हातानं मान दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं पुडी टरकावली. आतून तेल-तिखटानं माखलेलं तोंड बाहेर आलं, जीभ निळसर. अशा पुडीतली हवा काही मिनिटांत संपते. घरची कुत्रीही अशी दगावतात, घरात कुणी नसताना, सोफ्यामागे.

खाण्यातल्या विषांची माहिती गोळा करताना या पुडीचा विचार माझ्या मनात आला नव्हता. चहावाल्याला मात्र ते नवीन नव्हतं. "बाबूजी, नमकीन से कम, पन्नी से ज़्यादा मरते हैं," तो म्हणाला.

सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 रोजी भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात असा आदेश दिला, आणि 7 नोव्हेंबरला रेल्वे स्थानकं, बसस्थानकं, शाळा, रुग्णालयं यांच्या आवारातून कुत्री हलवण्याचे निर्देश दिले. फलाटावरची कुत्री उद्या कुठे असतील ते गावोगावच्या यंत्रणा ठरवतील. कुठेही असली तरी माणसाच्या हातचं खातील, एवढं नक्की. जबलपूरला 1948 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, 2009 पासून नानाजी देशमुख यांच्या नावाचं पशुवैद्यक विद्यापीठ आहे. सिहोऱ्यापासून तासाभराच्या वाटेवर इतकं ज्ञान असताना त्यातलं चार ओळींचं, हिंदीत लिहिलेलं एक पत्रक टपऱ्यांवर लागलं तरी किती कुत्री वाचतील! कांदा, चिंच, बेदाणे, चॉकलेट नको, पोळी, मोकळा भात, उकडलेलं अंडं, बिनमिठाचे फुटाणे चालतील, पाणी ठेवा.

आतोबांनी पत्रकाची वाट पाहिली नाही. त्यांनी चहावाल्याला आत्याची जुनी कात्री नेऊन दिली, आणि तो ती टपरीच्या खिळ्याला सुतळीनं अडकवून ठेवतो. गिऱ्हाईकानं टाकलेली पुडी कचऱ्याच्या पिंपात जाण्याआधी दोन्ही बाजूंनी कापून सपाट केली जाते. पिंपाशेजारी तेलाचा रिकामा डबा आडवा कापून त्यात पाणी भरलेलं असतं. पोहेवाल्याशी आतोबांची बोलणी अजून चालू आहेत. उरलेले पोहे फेकायला तो तयार नाही, पण कांदा परतण्याआधी ओंजळभर भिजवलेले पोहे बाजूला काढून ठेवायला हळूहळू राजी होतोय.