ऑफिसातली चहादाणी

चि. सोनू,


तू पाठवलेले फोटो पाहिले. काचेची, बिडाची आणि ती चीनमधल्या यीशिंगच्या मातीची, तिन्ही चहादाण्या देखण्या आहेत. पण ऑफिससाठी यातली एकही घेऊ नकोस. का, ते लिहूनच कळवते. फोनवर घाईत अर्धं राहून जातं.

आधी पत्तीचं बघ. आपल्या घरी येते ती दाणेदार सीटीसी. आलं, गवती चहा घालून ती दुधात उकळायची. तिला चहादाणी लागतच नाही. तो चहा घरून थर्मासमध्ये न्यावा. चहादाणी लागते ती तू हल्ली पितेस त्या दार्जिलिंगच्या अख्ख्या पानाला. ते उकळायचं नाही, गरम पाण्यात मुरू द्यायचं, आणि उलगडायला त्याला जागा हवी. साखळीला लोंबणारी ती जाळीची गोळी म्हणूनच नको. तिच्यात पान कोंडून राहतं.

ऑफिसात सगळ्यात अवघड असते ती वेळ. मार्च-एप्रिलच्या पहिल्या तोडीच्या पानाला ३ मिनिटं पुरतात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी हाक मारतं. परत येईपर्यंत पान पाण्यातच राहिलं तर चहा कडू होतो, जीभ कोरडी पडते. मग साखर घालूनही तो सुधारत नाही. म्हणून घाट, रंग, नक्षी सगळं नंतर. आधी आतली गाळणी बघ. रुंद, जवळजवळ तळापर्यंत पोचणारी, आणि एका हाताने उचलून बाजूला ठेवता येणारी. गाळणी काढलीस की निर्धास्त मीटिंगला जा. पानं मात्र टाकू नकोस. थोड्या वेळाने त्यांचाच दुसरा कप निघतो, आणि मला तो पहिल्याहून मवाळ लागतो.

आता तुझ्या तिन्ही. यीशिंगच्या मातीला आतून झिलई नसते, ती चहाचा वास धरून ठेवते. एका भांड्यात एकाच जातीचा चहा करायचा आणि साबण कधीच लावायचा नाही, असा तिचा नेम. ऑफिसातल्या मावशी बाकीच्या कपांबरोबर तिलाही साबणाने घासणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. घरी स्वतः धुणार असशील तर जरूर घे. बिडाची जड, आतल्या मुलाम्याचा टवका उडाला की गंजते. काचेत चहाचा रंग सुंदर दिसतो, पण पाणी लवकर निवतं आणि सिंकमधला एक धक्का पुरतो. स्टीलची फुटत नाही, पण बहुतेकदा तिची मूठ तापते.

मी म्हणेन, चिनी मातीची घे. आतून-बाहेरून झिलईची, गोल पोटाची. इंग्लंडात स्टॅफर्डशरच्या लाल मातीची ‘ब्राउन बेटी’ साध्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिली, ती याच गुणांवर: गोल पोटात पान मोकळं फिरतं, जाड माती ऊब धरते. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या खुर्जाची भांडी चांगली असतात. हस्तकलेच्या प्रदर्शनात नीट शोध. माप ३५० मिलिलिटरच्या वर नको. चहा चाखण्याच्या आयएसओ ३१०३ या मानकात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती धरतात आणि ती ६ मिनिटं ठेवतात. तो हिशेब चहाची पारख करण्यासाठी. पिण्यासाठी एवढ्या भांड्याला ४-५ ग्रॅम पुरे.

पँट्रीतल्या यंत्राचं पाणी बहुधा उकळतं नसतं. पहिल्या तोडीच्या पानाला ते चालतं, ८५ ते ९० अंश त्याला मानवतात. मे-जूनच्या दुसऱ्या तोडीला मात्र उकळीचं पाणी हवं. कुठलाही चहा असो, भांडं आधी गरम पाण्याने विसळून घे, नाहीतर माती स्वतःच ऊब पिते.

शेवटची परीक्षा दुकानातच कर. तोटीचं टोक झाकणाच्या काठाहून खाली असेल तर भांडं भरण्याआधीच तोटीतून पाणी सांडेल. मुठीत तीन बोटं आरामात बसली पाहिजेत, भांडं तिरकं केल्यावर झाकण पडता कामा नये. आणि धार थांबवल्यावर थेंब तोटीवरून खाली ओघळतो का, ते बघ. तुझ्या टेबलावर कागद असतात. दुकानदार कुरकुरला तरी चालेल, पण पाणी भरून, ओतून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

तुझी,
आत्या