लांब मुदतीचा कागद

मनवेलपाड्यात पहाटे चारच्या सुमारास मला जाग येते, ती जिन्यावरून उतरणाऱ्या एका जड थैलीच्या आवाजाने. वरच्या मजल्यावरील चौदा वर्षांच्या मुलाची ती क्रिकेटची थैली. मुलगा अंगाने किरकोळ, थैली जवळजवळ त्याच्याएवढी. त्यामुळे ती पायरीपायरीला आपटते. मग बाप पुढे होऊन ती खांद्यावर घेतो, आणि दोघे अंधारातच विरार स्टेशनची वाट धरतात. गाडीत गर्दी होण्यापूर्वी मैदान गाठावयाचे, तेथून शाळा, आणि दिवेलागणीनंतर घर. हा क्रम गेली तीन वर्षे चालला आहे.

विरारच्या बापांना हे वेड का लागले, हे सांगावयास नकोच. 2013 च्या नोव्हेंबरात याच विरारहून वांद्र्याच्या शाळेसाठी गाडीने ये-जा करीत वाढलेल्या पृथ्वी शॉने हॅरिस शील्डच्या सामन्यात एकट्याने 546 धावा केल्या. त्या वेळी तोही चौदाच वर्षांचा होता. त्या दिवसापासून आमच्याकडील प्रत्येक गल्लीत एकेक थैली जिन्यावरून उतरू लागली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

गेल्या श्रावणात एका रविवारी त्या मुलाचे वडील माझ्याकडे आले. मी बँकेत छत्तीस वर्षे घालवली असल्यामुळे इमारतीतले लोक आपापले कागद मला दाखवावयास आणतात. ते म्हणाले, “नाना, एवढे वाचून पाहता का? सही करावी की नाही, तेवढे सांगा.”

कागद तीन पानांचा होता. एका सधन गृहस्थांनी मुलाचा खेळ पाहिला होता. शिक्षकाचे वेतन, बॅटी, प्रवास, आहार, हा सारा खर्च आठ वर्षे ते सोसणार होते. मोबदल्यात मुलाला खेळापासून जी कमाई होईल, तिचा चौथा हिस्सा पंधरा वर्षे त्यांचा. वडिलांच्या डोळ्यांत आनंद होता, आणि तो अस्थानी नव्हता. महिनाअखेर उसनवारी करणाऱ्या माणसाला आठ वर्षांची हमी म्हणजे काय वाटते, हे मी बँकेच्या खिडकीतून पुष्कळ पाहिले आहे.

मी म्हटले, “कागद दोन दिवस राहू द्या माझ्याकडे.”

लांब मुदतीचे करार म्हटले, की मला प्रथम आमच्या देवगडकडील आंब्याच्या बागा आठवतात. झाडाला मोहोर दिसला, की व्यापारी येतो आणि साऱ्या बागेचा पैसा मोजून देतो. पुढे अवकाळी पाऊस आला, तुडतुडा पडला, तर नुकसान त्याचे. बाग लादून आली, तर नफाही त्याचा. बागवाला थोडक्यात विकतो खरा, परंतु त्याला रात्री झोप लागते. त्याने आंबे विकलेले नसतात. त्याने काळजी विकलेली असते.

अमेरिकेत बेसबॉल म्हणून आपल्या क्रिकेटचा एक दूरचा भाऊबंद आहे. त्या खेळातले करार हे याच जातीचे, मात्र आकडे डोके फिरविणारे. डिसेंबर 2024 मध्ये हुआन सोटो या सव्वीस वर्षांच्या फलंदाजाशी न्यूयॉर्क मेट्स या संघाने 15 वर्षांचा, 76 कोटी 50 लाख डॉलर्सचा करार केला. पंधरा वर्षांनी हा गृहस्थ एक्केचाळिशीचा होईल. त्या वयात चेंडू पूर्वीसारखा दिसत नाही, हे मालकाला कळत नाही काय? पुरते कळते. शेवटची काही वर्षे तो उतरत्या खेळाडूला भरला पगार देणार, हे गृहीत धरूनच हिशेब मांडलेला असतो. ऐन उमेदीच्या वर्षांची जी जबर किंमत एकदम द्यावी लागली असती, ती पुढच्या वर्षांवर पसरून दिली जाते, एवढेच. खेळाडू आपली काळजी विकतो. मालक ती विकत घेतो.

ही खरेदी कधी कधी अंगाशी येते. 1976 साली क्लीव्हलंडच्या संघाने वेन गार्लंड नावाच्या गोलंदाजाशी 10 वर्षांचा करार केला, आणि पुढच्याच वर्षी त्याचा खांदा दुखावला. 1981 नंतर तो त्या खेळात दिसला नाही. करार मात्र त्याच्या दुखऱ्या खांद्याला बांधील राहिला. आंब्याचा व्यापारी मोहोर गळाला म्हणून पैसे परत मागत नाही, तसेच हे.

पण त्याच खेळात त्याआधी एक निराळाच लांब करार नांदत होता. कागदावर तो एका वर्षाचा दिसे. परंतु त्यातल्या एका कलमाच्या आधाराने मालक खेळाडूला वर्षानुवर्षे आपल्याकडेच अडकवून ठेवी. मालक त्याला केव्हाही विकू शके, काढू शके. खेळाडूला मात्र दुसरे दार नसे. डिसेंबर 1975 मध्ये पीटर साइट्झ या लवादाने त्या कलमाचा तो अर्थ मोडून काढला, तेव्हा हे बंधन सुटले. म्हणजे मुदत दोन्हीकडे लांबच. फरक इतकाच, की सोटोच्या कागदात मुदत मालकाला बांधते, आणि त्या जुन्या कागदात ती खेळाडूला बांधीत असे. सोटोला तर पाच हंगामांनंतर बाहेर पडण्याची वाटही ठेवलेली आहे.

आपल्याकडे आकडे मोठे झाले, मुदत मात्र आखूडच राहिली. नोव्हेंबर 2024 च्या लिलावात ऋषभ पंतला 27 कोटी रुपये मिळाले. तरी हंगाम संपताच खेळाडूला मोकळे करण्याची मुभा संघाला असते. आमच्या विरारच्या मुलाचेच पाहा. 2018 मध्ये त्याने एकोणीस वर्षांखालील संघाला विश्वचषक जिंकून दिला आणि पहिल्याच कसोटीत 134 धावा केल्या. 2022 च्या हंगामासाठी दिल्लीने त्याला साडेसात कोटींस राखले; आणि 2024 च्या त्याच लिलावात 75 लाखांच्या मूळ किमतीसही कोणी हात वर केला नाही. पुढच्या वर्षी दिल्लीनेच त्याला 75 लाखांस घेतले. चूक कोणाची, हा प्रश्न येथे नाही. चढ आणि उतार दोन्ही खेळाडूच्याच पदरात राहतात, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

या विचारात मी तो कागद पुन्हा वाचू लागलो, आणि तिसऱ्या पानावर अडलो. मुलाने खेळ सोडला, अथवा पुरस्कर्त्याच्या संमतीवाचून शिक्षक बदलला, तर झालेला सर्व खर्च दरसाल शेकडा बारा व्याजासह परत करण्याची जबाबदारी वडिलांची!

पुरस्कर्त्याने चौथा हिस्सा मागितला, यात मला अन्याय दिसला नाही. शंभर मुलांवर खर्च करावा, तेव्हा एखादा मोठा होणार. त्या एकाच्या हिश्श्यातून नव्व्याण्णवांचा खर्च निघावयास हवा. परंतु हे गणित तेव्हाच न्याय्य, जेव्हा त्या नव्व्याण्णवांना खरोखरच सोडून दिले जाते. येथे मुलगा मोठा झाला तर हिस्सा, आणि न झाला तर व्याज! मोहोर गळाल्यावर पैसे परत मागणारा माणूस व्यापारी नव्हे; तो सावकार होय.

कायद्याचीही एक गंमत आहे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच निरर्थक. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने तसा निकालच दिला आहे. तेव्हा त्या कागदाने मुलगा बांधला जात नव्हता. बांधला जात होता तो बाप. आणि बाप बांधला गेला, की मुलाला कायद्याची गरज उरत नाही.

सज्ञान झाल्यावर असा कागद केला, तर काय होते, त्याचेही उदाहरण त्याच अमेरिकेत आहे. फर्नांडो टाटिस हा मुलगा अठराव्या वर्षी खालच्या श्रेणीत अल्प वेतनावर खेळत असता त्याने सुमारे 20 लाख डॉलर्स घेऊन पुढील कमाईचा दहावा हिस्सा एका कंपनीस लिहून दिला. 2021 मध्ये त्याला 14 वर्षांचा, 34 कोटी डॉलर्सचा करार मिळाला. त्याचा दहावा हिस्सा म्हणजे 3 कोटी 40 लाख! 2025 मध्ये त्याने न्यायालयात धाव घेतली. तरीही हे सांगितले पाहिजे, की तो अपयशी ठरता, तर ते पैसे परत द्यावयाचे नव्हते. आमच्या मजल्यावर आलेल्या कागदात तेवढेही औदार्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलगाच कागद नेण्यास आला. जाताना दारात थबकून त्याने हळूच विचारले, “आजोबा, मी चांगला खेळलो नाही, तर बाबांना पैसे द्यावे लागतील का?”

तीन पानांचे सार त्याने एका वाक्यात काढले होते. मी त्याला परत बोलाविले, आणि त्या संध्याकाळी त्याच्या वडिलांना दुसरा मसुदा लिहून दिला: मुदत मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंतच, पुढे त्याने आपल्या मर्जीने ठरवावे, आणि खेळ सुटला, तर देणे सुटले. सधन गृहस्थांनी तो शांतपणे वाचला, “विचार करतो,” म्हणाले, आणि पुन्हा फिरकले नाहीत.

वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढले. गेल्या महिन्यात एक बॅट तुटली, तेव्हा ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. त्यांचा राग मला समजतो. आठ वर्षांची हमी मी एका संध्याकाळी घालविली. आणि तो मुलगा उद्या मोठा झाला नाही, तर त्या पैशांवाचून झाला नाही, की तसाही झाला नसता, हे मला कोणी सांगू शकणार नाही.

पहाटे चारला थैली अजून उतरते. ती कोठवर जाईल, हे मी जाणत नाही. मात्र एखाद्या सकाळी ती खाली ठेवावीशी वाटली, तर त्या मुलाला ती ठेवता येईल. या समजुतीवर मी कूस बदलतो. झोप मात्र पुन्हा लागत नाही.