काकूंच्या मुंग्या

आमच्या घरांत मोडकी वस्तु टाकून देण्याची चाल नाहीं. ही गोष्ट आम्ही आजवर अभिमानानें सांगत आलों, आणि घरीं येणारा पाहुणाहि ती दहा मिनिटांत ओळखतो. कारण त्याला बसावयास दिलेल्या खुर्चीचा एक पाय बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी खुर्चीचा असतो. आजोबांच्या वेळची पत्र्याची एक पेटी आहे. तींत जुने स्क्रू, चाक्या, बिजागऱ्या, फुटक्या कुलुपांच्या किल्ल्या, तारांचीं वेटोळीं अशी सर्व संपत्ति सांठविलेली आहे. तिच्यांत हात घातला म्हणजे हवें असलेलें सांपडत नाहीं, पण त्याच्याऐवजीं चालेल असें कांहीं तरी हटकून हातास लागतें.

अकरा माणसांचें कुटुंब व शनिवार पेठेंतील जुनें घर, तेव्हां रोज कांहीं ना कांहीं बिघडणें क्रमप्राप्तच आहे. या खात्याचा कारभार गेलीं तीस वर्षें आमच्याकडे आहे. नळ ठिबकूं लागला तर वायसर बदलावा. मिक्सरची मोटार घूं घूं करते पण भांडें फिरत नाहीं, असें सूनबाईंनीं सांगितलें कीं खालचें दांतेरी कपलर झिजलें, हें जाग्यावरून न उठतां सांगावें. छताचा पंखा मंद फिरूं लागला म्हणजे लोक मोटार जळाली असें समजून नवा आणावयास निघतात; वस्तुतः दोष पुष्कळदां आंतल्या अडीच मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा असतो, व मुख्य बटण बंद करून तेवढा बदलला कीं पंखा पुन्हां पूर्वींसारखा वारा घालूं लागतो. अशा रीतीनें आम्हीं किती पैसे वांचविले याचा हिशेब ठेविलेला नाहीं, परंतु आमच्या बोलण्यांत तो वरचेवर येतो, अशी घरांतील मंडळींची तक्रार आहे.

अशा या घरांत २०२४ सालच्या मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं आमच्या काकू न्हाणीघरांतून बाहेर आल्या व म्हणाल्या, "अरे, गरम पाण्याच्या नळाला हात लावला कीं मुंग्या येतात रे."

काकूंचें वय ८२. आम्ही वर्तमानपत्रांतून मान वर न काढतां म्हणालों, "काकू, थंडी आहे. हात जरा शेकून घ्या." धाकट्या बंधूंनीं रक्तांतलें बी-बारा तपासून घ्यावें असें सुचविलें. सूनबाईंनीं संधिवाताचें तेल काढून दिलें. काकूंनीं तें लाविलें. पुढच्या आठवड्यांत त्यांनीं तीच गोष्ट आणखी दोनदां सांगितली, आणि मग सांगावयाचें सोडून दिलें. त्यानंतर त्या पदराच्या टोकानें नळ फिरवूं लागल्या. तेंहि आम्हीं पाहिलें. पण सोवळ्याचें कांहीं नवें व्रत घेतलें असेल, असें समजून त्यावर थोडी थट्टाहि केली.

आम्हां बाकीच्यांस कांहींच कसें जाणवलें नाहीं, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर अगदीं साधें आहे. आम्ही सारे न्हाणीघरांत रबरी चपला घालून जातों. काकू अनवाणी जातात.

पंधरा दिवस असेच गेले. एके दिवशीं आमच्या नऊ वर्षांच्या नातवाला चपला सांपडल्या नाहींत, म्हणून तो तसाच आंत गेला आणि बाहेर येऊन मोठ्या कौतुकानें म्हणाला, "काकूआजीला येतात ना, तशा मुंग्या आज मलाहि आल्या!" नऊ वर्षांच्या मुलाला सहसा संधिवात नसतो. आम्ही वर्तमानपत्र खालीं ठेविलें.

पेटींतला टेस्टर घेऊन, पायांत चपला घालून, आम्ही न्हाणीघरांत गेलों. नळास टेस्टर लावला तों आंतला दिवा उगीच लुकलुकल्यासारखा झाला. मग तो गीझरच्या बुडाशीं असलेल्या धातूच्या नळीस लावला, आणि दिवा लख्ख पेटला. त्या क्षणीं पोटांत जें झालें त्याचें वर्णन करीत नाहीं. आम्हीं मुख्य बटण बंद केलें व वायरमनास बोलाविलें. इतकी वर्षें वायरमन बोलावणें हें आम्हीं कमीपणाचें मानलें होतें.

वायरमन तरुण होता, पण माहितगार होता. त्यानें गीझरचें एलिमेंट बाहेर काढलें. तांब्याच्या नळींत तापणारी तार, व ती नळीस लागूं नये म्हणून भोंवतीं मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली, अशी त्याची रचना असते. पाणी क्षारयुक्त असलें म्हणजे नळीवर चुन्यासारखे थर चढतात, आंतली उष्णता बाहेर पडूं शकत नाहीं, नळी अतोनात तापून अखेर तडकते, आणि चिरेंतून शिरलेल्या पाण्यावाटे वीज साऱ्या टाकीस लागते. हें एलिमेंट २०१६ सालीं आम्हींच बदललेलें होतें. पण त्याचा दोष त्यानें आम्हांस दिला नाहीं. "एलिमेंट कधीं ना कधीं फुटायचेंच," तो म्हणाला. "म्हणून तर टाकीला हिरवी तार असते. गळालेली वीज ती जमिनींत नेऊन सोडते. तुमची तार काय करीत होती?"

त्यानें दोन तारांना जोडलेला एक दिवा काढला. विजेच्या भोंकांत व न्यूट्रलच्या भोंकांत तारा घातल्या; दिवा लागला. एक तार तशीच ठेवून दुसरी अर्थिंगच्या मोठ्या भोंकांत घातली; दिवा लागला नाहीं. मग तो हिरव्या तारेचा माग काढीत निघाला. तार भिंतींत शिरली, जिन्याखालून गेली, मोरीच्या कोपऱ्यांत बाहेर आली, आणि तेथें एका गंजक्या लोखंडी पट्टीशीं संपली. पट्टी हवेंत लोंबत होती.

ती पट्टी पाहतांच आम्हांस सारें आठवलें. आमच्या घरांत वीज १९५१ सालीं आली. महापालिकेचा लोखंडी नळ जमिनीखालून दूरवर गेलेला असतो, तेव्हां त्यासच पट्टी आवळून तार जोडली कीं अर्थिंग झालें, अशी त्या काळीं सर्रास रीत होती. २०११ सालीं गीझर बसविला तेव्हां त्याचीहि तार त्याच जुन्या तारेस जोडली गेली. पुढें २०१९ सालीं लोखंडी नळ गंजून गळूं लागले म्हणून आम्हीं सर्व घरांत प्लॅस्टिकचे नळ घालून घेतले. प्लंबरच्या शेजारीं उभे राहून आम्ही तें काम करवून घेत होतों. पट्टी सोडवितांना त्यानें विचारलें, "ही तार कसली हो?" आणि आम्हीं — हें लिहितांना लेखणी अडखळते — उत्तर दिलें, "कांहीं नाहीं, जुनी असेल. राहूं द्या."

काढलेले लोखंडी नळ आम्हीं टाकून दिले नाहींत, हें सांगावयास नकोच. अंगणांत कपडे वाळत घालण्यास त्यांच्या उत्तम दांड्या झाल्या आहेत. पांच वर्षें आमच्या घराचें अर्थिंग अंगणांत धोतरें वाळवीत होतें.

काकूंस नुसत्या मुंग्या आल्या याचें कारणहि वायरमनानें सांगितलें. प्लॅस्टिकच्या नळांतून वीज येत नाहीं. ती आंतल्या पाण्यांतून आली, आणि पाण्याच्या त्या बारीक धारेंतून फार थोडी वीज वाहूं शकते. तीच गीझरखालच्या धातूच्या नळीस ओला हात लागला असता, तर २३० व्होल्टचा सबंध धक्का बसता. त्या नळीवर मुलें आपले पंचे अडकवीत असत. बोर्डावर एम. सी. बी. आहे ना, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "तो तारा जळूं नयेत म्हणून आहे. माणसाला वांचविण्यासाठीं नाहीं."

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. तीस वर्षें दुरुस्त्या करून जी गोष्ट ध्यानांत आली नव्हती ती आतां आली. कांहीं वस्तू बिघडल्या कीं थांबतात. पंखा, मिक्सर, घड्याळ हीं त्या जातीचीं. त्यांच्याशीं हौसेनें वाटेल तितकें खेळावें. परंतु कांहीं वस्तू बिघडल्या तरी आपलें काम बिनतक्रार करीतच राहतात. फुटक्या एलिमेंटचा गीझर रोज कढत पाणी देत होता. कुकरच्या झांकणांतली रबरी कडी सैल झाली तर वाफ जाते, शिटी होत नाहीं, भात कच्चा राहतो. म्हणजे ती आपण होऊन ओरडते. पण वाफेची वाट चोंदली असतां उडून जाण्याकरितां जो सुरक्षेचा व्हॉल्व्ह ठेविलेला असतो, तो निकामी झाला तरी रोजचा भात रोजच्यासारखाच शिजतो. गॅसच्या रबरी नळीचेंहि तसेंच. ती पांच वर्षांनीं बदलावी असें सांगतात. आमची किती वर्षांची होती तें येथें लिहीत नाहीं, दुसऱ्याच दिवशीं बदलली.

नवा गीझर घेण्यापूर्वीं अर्थिंगचा खड्डा खणावयाचा ठरला. अंगणांत सोईची जागा तुळशीवृंदावनाजवळची होती. परंतु खड्ड्यांत नळाभोंवतीं कोळसा व मीठ घालतात हें कळतांच काकू म्हणाल्या, "तुळशीच्या मुळाशीं मीठ? जळून जाईल ती." या वेळीं त्यांचें म्हणणें कोणी हंसण्यावारी नेलें नाहीं. खड्डा परसांतल्या दुसऱ्या टोंकास झाला. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आर. सी. सी. बी. बसविली. गेलेली वीज व परत आलेली वीज यांची ती सारखी तुलना करीत असते, आणि फरक पडला कीं डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत सारा प्रवाह तोडते.

हें होईपर्यंत तीन आठवडे माळ्यावरचा तांब्याचा बंब खालीं आला. त्याच्या बुडाचा सांधा गळत होता. तो कसबा पेठेंतल्या तांबट आळींत नेऊन डाख लावून आणला. करवंट्या व लांकडाच्या ढलप्या घालून पाणी तापूं लागलें, आणि शेजारच्या इमारतींतून धुराबद्दल निरोप येऊं लागले. मुलांस मात्र बंब फार आवडला.

गीझर कोणता घ्यावा यावर एके रात्रीं जेवणानंतर बैठक बसली. बंधूंचा कल गॅसच्या गीझरकडे होता, कारण खर्च कमी. पण आमचें न्हाणीघर कोंदट. गॅस अर्धवट जळून जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्यास वास नाहीं, रंग नाहीं, आणि तशा बंद न्हाणीघरांत माणसें गेल्याच्या बातम्या सर्वांनीं वाचलेल्या. तेव्हां तो विषय तेथेंच मिटला. सूर्यावर तापणारी टाकी उत्तम खरी, परंतु आमच्या कौलारू छपरास तिचा भार सोसवेल असें कोणास वाटेना. तीन लिटरचा झटपट तापणारा गीझर स्वयंपाकघरांत ठीक. बादलीनें स्नान करणाऱ्या अकरा माणसांस तो पुरा पडणें नाहीं. उरला २५ लिटरचा सांठवणीचा. हिशेब केला तो असा कीं, २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारें एक युनिट वीज लागते. २००० वॉटच्या गीझरास त्यासाठीं अर्धा तास पुरतो. त्यांत थंड पाणी मिसळून तीन बादल्या होतात. म्हणजे चार वेळां टाकी तापविली कीं घरांतल्या साऱ्यांचीं स्नानें आटोपतात.

दुकानदारानें प्रथम आंकडे दाखविणारा व फोनवरून चालू होणारा गीझर दाखविला. आम्हीं विचारलें, आंतली मॅग्नेशियमची कांडी बदलतां येते का? तो थोडा वेळ आमच्याकडे पाहतच राहिला. ही कांडी स्वतः झिजून टाकीचें गंजणें टाळते. पाणी क्षारयुक्त असेल तर ती वर्षा-दोन वर्षांनीं पाहावी लागते, आणि ती पाहावी हें घेणाऱ्यास सहसा कोणी सांगत नाहीं. आय. एस. आय.ची खूण पाहिली. तारेही पाहिले, गीझरवर जितके तारे अधिक तितकी तापलेलें पाणी नुसतें गरम ठेवण्यांत वीज कमी जाते. फोनवरून चालू होणारा घेतला नाहीं.

गीझर बसला तरी काकू आठवडाभर बंबाचेंच पाणी घेत होत्या. अखेर वायरमनानें त्यांच्यासमोर उभें राहून एक युक्ति सांगितली: संशयाच्या वस्तूस तळहात कधीं लावूं नये, बोटांची पाठ लावावी, विजेनें स्नायू आंखडतात, तळहात असेल तर मूठ घट्ट आंवळली जाते, पाठ असेल तर हात मागें झटकला जातो. काकूंस ती पटली. आम्हीं त्यांची क्षमा मागावयास गेलों, तेव्हां त्या वाती वळीत होत्या. "मुंग्या खऱ्या होत्या ना? मग झालें," एवढेंच म्हणाल्या.

आर. सी. सी. बी. वर एक लहानसें बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावयाचें असतें. तें काम आम्ही नातवाकडे दिलें आहे. पहिल्या तारखेस सकाळीं तो स्टुलावर चढून बटण दाबतो, खट्‌ असा आवाज होतो, आणि साऱ्या घराचे पंखे-दिवे एकदम जातात. देवघरांतून काकू विचारतात, "पडलें का रे?"

"पडलें, काकूआजी."

"मग लाव आतां."