तलावाकाठचे घर

आमच्या हैदराबादेत कित्येक वस्त्यांची नावे पाण्यावरून पडली आहेत. मासाब टँक म्हणजे मूळचा मां साहिबा तालाब. तलाव गेला, नाव तेवढे राहिले. तेलुगूत तलावाला 'चेरुवु' म्हणतात आणि लहान तळ्याला 'कुंटा'. शहराच्या नकाशावर हे दोन शब्द जागोजागी भेटतात आणि त्यांच्याच शेजारी आता नव्या इमारतींच्या जाहिराती झळकतात. सज्जात बसून तलाव दिसेल, असे त्यांत आवर्जून लिहिलेले असते. त्या दर्शनाचे मोलही वेगळे द्यावे लागते. पाण्याकाठी राहावे ही माणसाची जुनी हौस आहे, ती आम्हांलाही आहे. परंतु अशा घरांना परवानगी देताना जो प्रश्न प्रथम विचारावयास हवा तो मागे पडतो, हे आम्हांस खटकते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदीला जो पूर आला, त्यात सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे मानतात. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंच आहे. त्या दिवशी तिच्या फांद्यांवर दीडशे जीव वाचले, असे सांगतात. पुढल्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. नदीच्या वरच्या खोऱ्यातील दोनशेहून अधिक लहान तलाव त्या पावसात फुटले होते, हे त्यांना दिसून आले. पूर वरच अडवून धरावा, हा त्यांचा सल्ला. त्यातून मुशीवर उस्मानसागर १९२० साली आणि ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. पूर आवरणे हे या दोन्ही जलाशयांचे पहिले काम. शहराची तहान भागविणे हे त्याच्या जोडीने आले.

नेमका हाच क्रम पुढे विसरला गेला. ८ मार्च १९९६ च्या १११ क्रमांकाच्या शासकीय आदेशाने जलाशयांपासून दहा किलोमीटरांच्या टापूत, ८४ गावांत, मोठ्या वसाहतींना आणि कारखान्यांना मनाई केली होती. एप्रिल २०२२ मध्ये ६९ क्रमांकाच्या आदेशाने ते निर्बंध काही अटींवर उठविण्यात आले. कारण असे दिले की, शहराला लागणाऱ्या पाण्यापैकी १.२५ टक्क्यांहूनही कमी पाणी आता या जलाशयांतून येते. हिशेब खोटा नव्हे; परंतु तो तहानेचा हिशेब आहे, पुराचा नव्हे. पखाल रिकामी झाली म्हणून बांध निरुपयोगी ठरत नाही. वरच्या अंगाला माळ आणि शेते आहेत तोवर पाऊस जमिनीत मुरतो, सावकाश येतो. तेथे फरसबंदी झाली की तेच पाणी एकदम धावत येते.

तलावांचीही हीच कथा. नियमाप्रमाणे दहा हेक्टरांहून मोठ्या तलावाच्या पूर्ण संचय पातळीच्या रेषेपासून तीस मीटर जागा मोकळी सोडावयाची असते. ही रेषा मोजणीदार कागदावर आखतो. पाणी मात्र ती वाचून वागत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात पल्ले चेरुवु आणि गुर्रम चेरुवु यांचे बांध फुटले आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. २०२५ च्या सप्टेंबराअखेर दोन्ही जलाशयांतून पाणी सोडावे लागले, तेव्हा मुशीच्या पात्रालगतचे महात्मा गांधी बसस्थानक पाण्यात गेले. कोरड्या दिवसांत आखलेल्या रेषांची परीक्षा अशा रात्री होते.

गोमंतकातील वाचकांस हे अधिक सांगावयास नको. खाजनाचा बांध आणि त्यातली मानस भरतीच्या वेळीच आपले मोल दाखवितात. त्याच गोमंतकात प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या रेट्याने शासनाला जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावा लागला होता. आमच्याकडेही तलावाच्या सीमेची प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती मागविल्या जातात, मग ती अंतिम होते. हरकतींचा तो काळ आम्ही बहुधा वर्तमानपत्राच्या घडीत दडपून टाकतो. पुढे घर उभे राहते, कर्ज निघते, गृहप्रवेश होतो आणि मग कोणी तरी येऊन भिंतीवर खूण करते. २०२४ साली मुशीकाठच्या घरांवर अशाच तांबड्या खुणा झाल्या. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्याला त्या वेळी जुने नियम ऐकविणे हा न्याय नव्हे. नियम सांगावयाची वेळ पाया खणण्यापूर्वीची असते.

म्हणून पाण्याकाठच्या प्रत्येक प्रस्तावाच्या सुनावणीत एकच प्रश्न आधी विचारला जावा: हे पाणी सर्वांत वर चढले, त्या दिवशी ते कोठवर आले होते? उत्तर गावातल्या वृद्धांना ठाऊक असते, जुन्या नकाशांत असते आणि वस्तीच्या नावातही असते. ते नोंदवून घेतल्यावर सज्जा खुशाल बांधावा. मग तलाव सज्जातून दिसेल, दिवाणखान्यात येणार नाही.