चाल आणि रंग

आमच्या आडतीत मिरचीचा पै न् पैचा हिशेब असे. रोजमेळ, खतावणी, आवकीची वही, सगळं जागच्या जागी. घोड्यांचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नव्हता. घोडी कितीला आणली, शिंगरू कितीला दिलं, चंदीवर काय गेलं, हे बापूंना विचारायची सोय नव्हती. माय म्हणायची, या घोड्यांनी खाल्लेल्या हरभऱ्यात घराला दुसरा मजला चढला असता. बापू ऐकून घेत आणि खरारा उचलून मागच्या पागेत निघून जात.

नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडलं. दसरा झाला की गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची वाळायला पडते, आणि पुढचे काही महिने पाव्हण्याला ठसका लागल्याशिवाय गावात शिरता येत नाही. धंद्याचे दिवस हेच. आणि याच दिवसांत, मार्गशीर्षात दत्तजयंतीला, तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचं दर्शन हे निमित्त. निम्मी गर्दी घोडेबाजाराची. माल ऐन भरात आलेला आणि आडतीचा मालक गादीवर नाही, असं दरवर्षी व्हायचं. मुनीमजींनी त्यासाठी एक कायमचं उत्तर ठरवून ठेवलं होतं: शेठ वसुलीला गेलेत.

वसुलीवर मीही जायचो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी जनावरं रांगेनं बांधलेली, दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत भाव ठरवणारे. कुणी पंचकल्याणी दाखवायचा, कुणी गळ्यावरचा देवमणीचा भोवरा. बापू हे सगळं ऐकत, मान डोलावत, आणि आधी जनावराचं तोंड उघडत. पाच वर्षांना घोड्याचं तोंड भरतं. पुढं दातांवरच्या खळग्या झिजत जातात आणि त्यावरून वय निघतं. दात कानशीनं घासून म्हातारं जनावर तरुण करणारे कलाकारही बाजारात असतातच. तोंड पटलं की बापू घोडं कच्च्या जमिनीवरून काढून डांबरी रस्त्यावर पळवायला लावत आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहत. टापा नुसत्या ऐकायच्या. चारांतली एक जरी हलकी पडली, तर तो पाय कुठंतरी दुखतोय. मऊ मातीत लंगडं जनावरही शहाण्यासारखं चालतं. मी एकदा एका पांढऱ्याशुभ्र नुकऱ्यावर भाळलो होतो, तेव्हा एक म्हातारा अहिराणीत म्हणाला, ‘पाय देख भाऊ, रंग नको देखू.’ बापूंनी त्याला चहा पाजला.

बापूंची गिऱ्हाइकं म्हणजे टांगेवाले. त्यांना रंगाशी काही कर्तव्य नव्हतं. टांगा दोन चाकांचा, त्यामुळं ओझ्याचा तोल फार सांभाळावा लागतो. माणसं मागं जास्त बसली की गाडी उलाळ होते, दांड्या वर उठतात आणि घोड्याचा पोटपट्टा काचतो. पुढं जास्त झाली की धुरजड होते आणि सगळा भार त्याच्या पाठीवर येतो. टांगेवाला ‘मावशी, जरा पुढं सरका’ म्हणतो ते घोड्याच्या वतीनं. अशा गाडीला दुडकी चाल लागते: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग दुसरी जोडी. शरीर डुलत नाही, दांड्या शांत राहतात. रेवाल चालीत एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडतात. स्वाराच्या हातातलं पाणी सांडत नाही अशी तिची ख्याती, पण जनावर डाव्या-उजव्या अंगाला डुलतं. बापूंचा नियम साधा होता: रेवाल खोगिराला, दुडकी साजाला. आणि दुसरं वाक्य हमखास जोडलेलं: चाल शिकवता येते थोडी, येते रक्तातनं.

म्हणून ते घोड्यांचा व्यापार करता करता पैदाशीकडं वळले. यात नफा कमी आणि जाग्रण फार. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि बहुतेकदा रात्रीच विते, तीही कुणी जवळ नसताना. बापू कंदिलाची वात बारीक करून पागेबाहेर बसायचे. आत गेलं की ती वेणा रोखून धरते असं त्यांचं म्हणणं. शिंगरू तासाभरात उभं राहतं. ते चार पावलं कशी टाकतं, हे बघून मगच ते झोपायला जात. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळं पोटशुळाची रात्र आली की माणसाचंही पोट ढवळून निघतं. एक चांगली घोडी आमच्या हातून अशी गेली. त्या हंगामात मिरचीला भाव मोठा मिळाला, पण बापूंच्या तोंडून त्या भावाचा उल्लेख मी ऐकला नाही.

ऐंशीच्या दशकात स्टेशनाबाहेर रिक्षा लागल्या. टांगेवाल्यांची मुलं त्याच रिक्षांवर बसली, यात रडण्यासारखं मला काही वाटत नाही. उन्हाळ्यात डांबरावर दिवसभर उभं राहणाऱ्या जनावराची बाजूही कुणीतरी घ्यायला हवीच. देशात २०१२च्या पशुगणनेत सव्वासहा लाख घोडे होते, २०१९मध्ये साडेतीन लाखही भरले नाहीत. बापू रिक्षा पुरत्या स्थिरावण्याआधीच गेले. आडत आणि पागा दोन्ही माझ्याकडं आली.

पुतण्या अमेरिकेत, ओहायो राज्यात कोलंबसला असतो. त्यानं मला जवळच्या डेलावेअर गावच्या जत्रेत नेलं. तिथं १९४६पासून ‘लिटल ब्राउन जग’ नावाची शर्यत होते. तीन वर्षांची घोडी, मागं दोन चाकांची हलकी गाडी, तीत एकटा हाक्या. गाड्या समोरून गेल्या आणि मी पुतण्याचा हात धरला. सगळी जनावरं रेवाल पळत होती! एका बाजूचे दोन्ही पाय एकदम. चाल मोडू नये म्हणून पायांत पट्टे, आणि तरी कुणी चौखूर उधळलंच तर हाक्यानं त्याला मागं खेचायचं. बापूंचा नियम तिथं सरळ उलटा होता.

त्या जातीचा इतिहास मग मी वाचत गेलो. जातीला स्टँडर्डब्रेड म्हणतात, कारण १८७९ साली तिच्या नोंदवहीत शिरायला एक प्रमाण ठरलं: मैलभर अंतर अडीच मिनिटांत. रंग, भोवरा, कपाळावरचा टिळा यांतलं काहीही नाही. इंडियाना राज्यातल्या ऑक्सफर्ड नावाच्या खेडेवजा गावात डॅन मेस्नर हा दुकानदार होता. त्यानं २५५ डॉलरला एक घोडी घेतली आणि गाव त्याला हसलं. १८९६मध्ये तिला शिंगरू झालं ते वाकड्या पायाचं, तेव्हा गाव आणखी हसलं. दुकानदारानं ते ठेवलं. चार वर्षांचं होईपर्यंत शर्यतीत उतरवलं नाही. हाच तो डॅन पॅच, जो १९०२मध्ये वीस हजार डॉलरला विकला गेला आणि त्याच वर्षी पुन्हा साठ हजारांना. पुढं १९०६ साली तो १ मिनिट ५५ सेकंदांत मैल पळाला. मेस्नरची बायको हरभऱ्याच्या जागी ओट्सचा हिशेब घालत असेल, असं मला आपलं वाटतं.

२०१२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी घोड्याच्या चालीशी निगडित एक जनुक शोधल्याची बातमी आली, तेव्हा मी कात्रण कापून पागेतल्या खांबाला डकवलं. बापूंचं वाक्य ‘नेचर’सारख्या नियतकालिकात छापून आलं होतं, नाव तेवढं दुसऱ्यांचं.

पण मला सलतं ते वेगळंच. तिकडं टांगे गेले, पोस्टाच्या गाड्या गेल्या, तरी घोड्याची किंमत पायांवरच राहिली, कारण त्यांनी पायांसमोर घड्याळ लावून ठेवलं. आपल्याकडं काम संपलं आणि मोजणारं दुसरं काहीच उरलं नाही. मग किंमत पायांवरून कातडीवर सरकली. सारंगखेड्याची यात्रा मोडली नाही; उलट फुगली. तिला चेतक फेस्टिव्हल म्हणतात, घोडी लाखांत बोलतात, मोबाइलवर फिरतात. नुकरा वरातीला हवा, उंची फोटोला हवी, नाच हवाच. डांबरावर पळवून दाखव म्हटलं तर विकणारा माझ्याकडं असा बघतो, जणू मी नवरीच्या टाचा बघायला मागितल्या. त्या घोड्यांचा यात काय दोष? आणि त्यांना पोसणाऱ्याचाही नाही; वरात आहे म्हणून निदान चंदी आहे.

आमच्याकडं आता एकच घोडी आहे, कुमैत, बापूंच्या घोडीची पणती. दुडकी अशी की टापांवर ठेका धरावा. मुलगा म्हणतो, तिला नुकऱ्याकडं भरवू, पांढरं शिंगरू झालं तर ट्रॅक्टरचं कर्ज फिटेल. मी म्हणतो, दोंडाईच्याकडं एक मळकट रंगाचा घोडा आहे, त्याच्या मागच्या पायांचा जोर बघ. तो म्हणतो, मळकट शिंगरू कोण घेणार? याला माझ्याकडं उत्तर नाही, फक्त घोडी माझ्या नावावर आहे. दिवस मोठे व्हायला लागले की ती माजावर येईल. त्याआधी मिरची उरकायची आहे. मुलाला सांगून ठेवलंय की दोंडाईच्याला दोघं मिळून जाऊ, तो घोडा डांबरावर काढायला लावू, आणि त्यानं पाठ फिरवून उभं राहायचं.