आत्याचा डबा

आमच्या स्वयंपाकघरातील वरच्या फळीवर एका चौकोनी डब्याची जागा सध्या मोकळी आहे. डबा पत्र्याचा, बिस्किटांचा. त्याच्या झाकणावर एके काळी कसले तरी चित्र होते. आता गुलाबी रंगाचा एक ठिपका तेवढा उरला आहे. असल्या डब्यासाठी जागा राखून ठेवावी आणि तेथे दुसरे काही ठेवू नये, हे आमच्या सुनेला प्रथम मोठे चमत्कारिक वाटले. परंतु आता तीही त्या जागेला हात लावीत नाही. डबा कोकणात गेला आहे आणि तो कधी तरी परत येईल, एवढे घरातील सर्वांना ठाऊक झाले आहे.

हा डबा मूळचा माझ्या आत्याचा. दापोली तालुक्यातील एका लहानशा गावी तिचे घर होते. १९५५ च्या सुमारास आम्ही भावंडे गिरगावातील दोन खोल्यांतून सुटून दर उन्हाळ्यात तिच्याकडे जात असू. एस. टी.ची गाडी कशेडीचा घाट उतरून खेडला आली, की आम्हाला आत्याच्या अंगणाचा वास येऊ लागे. निदान तो येतो अशी आमची पक्की समजूत असे.

त्या अंगणाचा उन्हाळ्यातील थाट काही निराळाच होता. वैशाख सरत आला की गावात घरोघर आगोटीच्या बेगमीची धांदल सुरू होई. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी चार महिन्यांचे सारे काही वाळवून, भरून, झाकून ठेवायचे. बरका फणस फोडून त्याचे गरे काढायचे, आठळ्या वेगळ्या करायच्या, गर चाळणीवर घासून घ्यायचा, आणि तुपाचा हात लावलेल्या ताटांत पातळ पसरून ती ताटे उन्हात मांडायची. रायवळ आंब्यांच्या रसाची आंबापोळीही अशीच. पहिला थर सुकला की त्यावर दुसरा. रातांबे फोडून त्यांची साले मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची; तेव्हा कोठे काळीभोर, मऊ आमसुले तयार होत. रातांब्यांच्या बियासुद्धा आत्या टाकीत नसे. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून ती वर आलेले तेल काढी आणि थिजू लागले की मुठीत दाबून त्याचे मुठेल वळी. गरीब घरातील काटकसर आणि रसिकता यांची सीमा कोठे असते, हे त्या अंगणात उभे राहून सांगणे कठीण होते.

आम्हा मुलांकडे राखणीचे काम असे. हातात शिरपुटी घेऊन कावळे हाकायचे. मुंबईत आमच्या मालकीचे म्हणावे असे काहीच नव्हते. तेथे मात्र आम्ही साऱ्या अंगणाचे राखणदार होतो. राखणदारांनी चोरी करावी ही जगाची रीत आम्हीही मोडली नाही. अर्धवट वाळलेल्या पोळीवर हळूच बोट ओढावे आणि ते चोखावे, यासारखे सुख नव्हते. परंतु पोळी वाळली की त्या बोटाची खूण तीवर कायम राही. एखाद्या दुपारी ढग अकस्मात चढून येत. आत्या माजघरातून हाक मारी आणि घरातील लहानथोर ताटे उचलण्यास धावत. शेजारचे वृद्ध गृहस्थही काठी टाकून येत. आमचे अंगण आवरले की आम्ही सारे त्यांच्या अंगणात धावत असू. तोवर टपोरे थेंब पडू लागलेले असत आणि काही ताटे भिजलेलीही असत. पण त्याचे दुःख करीत कोणी बसल्याचे मला आठवत नाही. ओटीवर दाटीने बसून ओल्या पोळीचे तुकडे वाटून खाण्यात जी मौज होती, तीपुढे नुकसानीचा विचार टिकत नसे.

आम्ही परत निघालो की आत्या तो डबा भरी. केळीच्या सुकलेल्या पानांत गुंडाळलेली फणसपोळी, तिच्यावर आंबापोळी, एका बाजूस आमसुलांची पुरचुंडी आणि कोपऱ्यात आईच्या भेगाळलेल्या टाचांसाठी मुठेलाचा एक गोळा. पुढे आमचे जाणे सुटले, तरी दर ज्येष्ठात येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर डबा मुंबईला येतच राहिला. आणि आई तो परत धाडी, कधीही रिकामा नाही. कधी साटोऱ्या, कधी तिने स्वतः विणलेली लोकरीची टोपी; एकदा महिनाअखेर घरात काहीच नव्हते, तर तिने तळाशी मूठभर साखर घातली आणि झाकण लावले. भरून आलेले भांडे रिकामे परत करू नये, हे शास्त्र तिला कोणी शिकविले होते कोणास ठाऊक; परंतु माझ्या परिचयातील कोणत्याही गृहिणीला ते शिकवावे लागलेले मी पाहिले नाही.

१९७६ साली आई गेली. त्याच वर्षी आत्याचे यजमानही वारले. खेड्यातील राहणीची गोडी वर्णन करताना तेथील चणचणीवर पांघरूण घालणे मला प्रशस्त वाटत नाही. आत्याच्या घरी भात पिके तो वर्षभर पुरत नसे आणि रोख पैसा तर दृष्टीस पडणे कठीण. अशा स्थितीतही १९७७ च्या ज्येष्ठात डबा आला. तो उघडताना मला संकोच वाटला. मी नोकरीत स्थिरावलेला, पगारदार मनुष्य; विधवा आत्याकडून फुकट खाणे मला शोभेना. म्हणून मी पन्नास रुपयांची मनीऑर्डर केली आणि कुपनावर सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘आंबापोळी, फणसपोळी इत्यादींबद्दल’. आपण मोठे उचित कृत्य केले, या समाधानात मी डबा परत पाठविण्याचे मात्र साफ विसरलो.

पुढच्या ज्येष्ठात काहीच आले नाही.

प्रथम वाटले, यंदा आंबा कमी आला असेल. मग वाटले, आत्या आजारी असेल. गणपतीला मी मुद्दाम गेलो. आत्या धडधाकट होती. तिने माझे पाय धुण्यास पाणी दिले, उकडीचे मोदक वाढले, सर्वांची चौकशी केली. आंबापोळीचा विषय तिने काढला नाही. अखेर मीच काढला. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “अरे, डबा कुठे परत आला? रिकामा का होईना, आला असता तर भरला असता. तू पैसे धाडलेस. म्हणजे हिशेब मिटला. मिटलेल्या वहीत पुन्हा काय लिहायचं?”

मी निरुत्तर झालो. पैसे देण्यात माझी चूक नव्हती, असे मला आजही वाटते. तिला पैशांची गरज होती आणि मला ते देता येत होते. घात केला तो त्या एका ‘बद्दल’ने. त्या शब्दाने मी तिच्या अंगणातील ऊन, तिच्या मनगटाची मेहनत, माझ्या लहानपणीच्या बोटांच्या खुणा, या साऱ्यांची किंमत ठरवून ती चुकती केली होती. बाजारात हेच योग्य असते. वाण्याने वस्तू द्यावी, आपण पैसे द्यावे आणि दोघांनी एकमेकांस विसरून जावे. परंतु घरच्या भेटीचा जीव वेगळ्याच गोष्टीत असतो. तेथे देणे कधी पुरे फिटत नाही, म्हणूनच येणेजाणे चालू राहते.

परतीच्या प्रवासात मला सुदाम्याची आठवण झाली. भागवताच्या दशमस्कंधातील ही कथा आपल्याकडे मुलांनाही पाठ असते. पत्नीने शेजारी मागून आणलेले चार मुठी पोहे सुदामा फडक्यात बांधून द्वारकेला नेतो आणि तेथील वैभव पाहून ते लपवू लागतो. कृष्ण ते ओढून घेतो व मूठभर खातो. येथवर सर्वांना आठवते. परंतु कृष्णाने त्या वेळी सुदाम्याच्या हातावर काही ठेवले नाही, हा भाग आपण विसरतो. सुदामा आला तसाच रिक्त हस्ताने परत निघाला; जे मिळाले ते त्याला घरी पोहोचल्यावर, न सांगता मिळाले. पोह्यांबद्दल म्हणून द्वारकेतच मोहरांची थैली मिळाली असती, तर ती कथा एवढी शतके कोणी सांगितली असती असे मला वाटत नाही. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात नाना देशींच्या लोकांच्या चालीरीती तपासून दाखविले, की देणे, स्वीकारणे आणि परत देणे या तीन बंधनांनी माणसे एकमेकांशी जोडलेली राहतात. आत्याने मॉसचे नाव ऐकलेले असणे शक्य नव्हते. तिला डब्याची येरझार ठाऊक होती, आणि तेवढे पुरेसे होते.

आता प्रश्न उरला तो डब्यात काय घालावे हा. विकत आणलेली मिठाई घालण्याचा मला धीर होईना. हाताने करून द्यावे असे मला काय येत होते? कचेरीत जन्म काढणाऱ्या माणसाच्या हातांना लेखणी धरण्यापलीकडे काही येत नाही, हे त्या वेळी मला प्रथमच लाजिरवाणे वाटले. मग आठवले : गणपतीच्या दिवसांत आत्या सायंकाळी हरिपाठाचे पुस्तक खिडकीशी नेऊन, कधी जवळ तर कधी लांब धरून वाचीत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. छापील अक्षर बारीक. जेथे दिसत नसे तेथे ती आठवणीने पुढे जाई.

मी जाड कागद आणला, काळी शाई आणली आणि रुंद टोकाच्या लेखणीने बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत सारा हरिपाठ लिहून काढण्यास बसलो. रोज रात्री जेवणानंतर एक-दोन अभंग होत. पहिली काही पाने शाई सांडून वाया गेली. माझी पत्नी ओळी आखून देई. कागद शिवण्याचे कामही तिनेच केले आणि आईच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्याचे त्याला वेष्टन केले. दिवाळीला डबा रवाना झाला. आठवड्याभराने आत्याचे कार्ड आले. त्यावर वाकड्या अक्षरांत एवढेच होते : ‘अक्षर दिसते. एका चरणात एक शब्द गळला आहे. तो मी तोंडाने भरते.’

१९७९ च्या ज्येष्ठात डबा आला. फणसपोळी होती, आंबापोळी होती, मुठेलही होते. आणि तळाशी, केळीच्या पानाखाली, कागदाच्या घडीत दहा-दहाच्या पाच नोटा होत्या. घडीवर लिहिले होते : ‘मुलीच्या खाऊला’. आमची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. ते पैसे परत करण्याचा विचार मनात आला नाही, इतका शहाणपणा मला तोवर आला होता.

आत्या १९९१ साली गेली. दिवसकार्यास गेलो तेव्हा देवघरात तो हरिपाठ पाहिला. कोपरे रातांब्याच्या रसाने डागळले होते. मी गळलेला शब्द शोधून काढला. त्याची जागा तशीच कोरी होती. बारा वर्षांत तिने तेथे शब्द लिहिला नव्हता, की कोणाकडून लिहवून घेतला नव्हता. मीही लेखणी काढली नाही.

आज आंबापोळी दुर्मिळ राहिलेली नाही. दापोलीच्या बाजारात ती सुबक वेष्टनात मिळते, मुंबईतही मिळते, आणि चांगली असते. कित्येक घरांचा संसार तीवर चालतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. ती विकत घेताना मी पुरी किंमत देतो व कसलाही खेद करीत नाही. डब्याची गोष्ट निराळी. आत्येभावाने आणि त्याच्यामागे त्याच्या सुनेने ती येरझार राखली. गेल्या वैशाखात माझ्या नातीने ठाण्यातील आमच्या गच्चीवर, कसल्याशा हट्टाने, स्वतः आंबापोळी घातली. रस नीट आटला नव्हता. पोळी ताटाला चिकटली, सोडविताना फाटली आणि चवीला जरा आंबटच झाली. तरी ती डब्यात भरून कोकणात पाठवायची असे तिने ठरविले. कोकणात आंबापोळी पाठविणे म्हणजे उलटी गंगा वाहविणे, असे मी म्हणणार होतो. पण पोळीच्या कडेला मला ओढलेल्या बोटाची एक स्पष्ट खूण दिसली आणि मी गप्प बसलो.

डबा अद्याप परत आलेला नाही. आम्हाला घाई नाही.